उकळत्या पाण्यातला बुडबुडा आणि एका सेकंदाचे मुक्तपतन

सांगलीहून एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ती यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. तिचा चौघांचा गट आहे आणि सूक्ष्मगुरुत्वात, म्हणजे जवळजवळ वजनरहित अवस्थेत, पाणी उकळताना बुडबुडे कसे वागतात, याचा प्रयोग त्यांना करायचा आहे. महाविद्यालयात अशी कोणतीही सुविधा नाही. अर्ज नासाकडे करावा की इस्रोकडे, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना अशी संधी खरोखर मिळते का, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

गेली बारा-तेरा वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर मुक्तपतनाचे प्रयोग करत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो. तुम्ही अर्ज कोणाकडे करावा असे विचारले आहे, पण माझ्या मते तुमची खरी अडचण त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. तुम्हाला जे पाहायचे आहे ते घडायला किती सेकंद लागतात, हे तुम्ही अजून ठरवलेले नाही. ते एकदा ठरले की कोणत्या दारात जायचे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते, आणि कित्येकदा ते दार तुमच्याच महाविद्यालयाच्या जिन्यात सापडते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अवकाश स्थानकात पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. तेथे वस्तू तरंगतात, कारण स्थानक आणि त्यातली प्रत्येक वस्तू एकाच त्वरणाने सतत पडत असते. म्हणजे सूक्ष्मगुरुत्व मिळवायचे तर वर जाण्याची गरज नसते, अडथळ्याविना पडण्याची असते. पाच मीटर उंचीवरून सोडलेली पेटी जमिनीवर पोचेपर्यंत एक सेकंद मुक्तपतनात असते. वीस मीटरवरून सोडली तर दोन सेकंद मिळतात. उंची चौपट केली की वेळ दुप्पट होतो, आणि म्हणूनच जमिनीवर काही सेकंदांच्या पुढे जाणे फार महाग पडते.

आता सेकंदांचा हिशेब करू. तुमच्या गटाने पहिल्या आठवड्यात करायचे काम हेच आहे, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. एक सेंटिमीटर आकाराच्या पाण्याच्या पृष्ठभागाला पृष्ठताणामुळे आकार बदलायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो, म्हणून पृष्ठताणाचे प्रयोग एका सेकंदात उत्तम होतात. उष्णता स्थिर पाण्यातून एक मिलिमीटर पसरायला साधारण सात सेकंद घेते. मीठ तेवढेच अंतर विसरणाने, म्हणजे न ढवळता आपोआप पसरत, कापायला दहा-पंधरा मिनिटे घेते, आणि वनस्पतीच्या मुळाने दिशा बदललेली डोळ्यांना दिसायला तासभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. यावरून लगेच लक्षात येईल की मिठाच्या विसरणाचा प्रयोग घेऊन कोणत्याही ड्रॉप टॉवरकडे, म्हणजे प्रयोगाची पेटी उंचावरून सोडण्याच्या मनोऱ्याकडे, जाणे व्यर्थ आहे, आणि थेंबाच्या कंपनाचा प्रयोग घेऊन उपग्रहाची वाट पाहत बसणे तितकेच अनावश्यक आहे.

तुमचा विषय या दोन टोकांच्या मधोमध येतो. उकळणे म्हणजे एकच घटना नव्हे. बुडबुडा तापलेल्या पृष्ठभागावरून सुटतो की तेथेच चिकटून मोठा होत राहतो, हा एक प्रश्न. तो चिकटून राहिला तर पृष्ठभागाकडून पाण्याकडे उष्णता किती जाते, हा दुसरा. बुडबुड्याच्या गरम आणि थंड बाजूंमध्ये पृष्ठताण वेगवेगळा असल्यामुळे त्याच्याभोवती जो प्रवाह निर्माण होतो, तो कसा दिसतो, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाला एक सेकंद पुरतो. उकळण्यावरचे अगदी सुरुवातीचे काम अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका सेकंदाहूनही कमी अवधीच्या पतनात झाले होते. दुसऱ्या प्रश्नासाठी हीटरचे तापमान स्थिरावावे लागते, आणि तो तारेचा आहे की जाड पट्टीचा यावर काही सेकंद की काही मिनिटे हे ठरते. तिसऱ्याबद्दल मी ठाम सांगणार नाही, कारण ते तुमच्या पात्राच्या आकारावर आणि पाणी किती अंशांवर आहे यावर फार अवलंबून आहे. माझा सल्ला असा आहे की पहिला प्रश्न निवडा आणि बाकीचे दोन वहीत लिहून ठेवा.

यात आणखी एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. उकळत्या पाण्यासाठी पृष्ठताण आणि वजन यांची बरोबरी होते ते अंतर सुमारे अडीच मिलिमीटर येते, आणि बुडबुडा सुटताना त्याचा आकार साधारण याच मापाचा असतो. हे अंतर गुरुत्वाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. गुरुत्व शंभरपट कमी झाले तर ते दहापट, म्हणजे अडीच सेंटिमीटर होते. पॅराबोलिक उड्डाणाच्या, म्हणजे कमानीच्या वाटेने उडून काही सेकंद मुक्तपतनात राहणाऱ्या, विमानात शंभरांश जी (एक जी म्हणजे जमिनीवरचे गुरुत्व) इतके गुरुत्व उरतेच, त्यामुळे तेथेही बुडबुडा सुटू शकतो, फक्त तो खूप मोठा झाल्यावर सुटतो. तुमचे पात्र चार सेंटिमीटर रुंद असेल, तर तुम्ही बुडबुड्याऐवजी पात्राच्या भिंतींचा परिणाम मोजत बसाल. किती सेकंद मिळतात याइतकेच, त्या सेकंदांत किती गुरुत्व शिल्लक राहते, हेही महत्त्वाचे आहे.

आता जिन्यातल्या पतनाकडे येतो, कारण सगळ्यांत जास्त शिकायला तेथेच मिळते. बहुतेक महाविद्यालयांत दोन मजल्यांच्या जिन्यामधली मोकळी जागा किंवा कार्यशाळेचे उंच छत असते, आणि पाच मीटर सहज मिळतात. पेटी नुसतीच सोडली तर हवेचा विरोध आड येतो. चाळीस सेंटिमीटर रुंदीची, वीस किलोग्रॅम वजनाची चौकोनी पेटी एक सेकंद पडल्यावर तिच्यावर साधारण नऊ न्यूटन विरोध असतो, म्हणजे आतल्या प्रयोगाला शेवटी शेवटी चार-पाच टक्के गुरुत्व जाणवू लागते. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. एका पेटीत दुसरी पेटी ठेवायची आणि दोन्ही एकाच वेळी सोडायच्या. हवा बाहेरच्या पेटीला अडवते, तर आतली पेटी तिच्या आतल्या हवेत जवळजवळ निर्वेध पडते. या एका सेकंदात आतली पेटी बाहेरच्या पेटीच्या तुलनेत सुमारे चार सेंटिमीटर खाली सरकते, म्हणून तळाशी सात-आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवली की काम भागते.

पेटी सोडण्याची पद्धत दिसायला क्षुल्लक वाटते, पण माझे पहिले वर्ष त्यातच गेले. आम्ही विद्युतचुंबक वापरला होता. वीज बंद केल्यावरही चुंबकत्व क्षणभर रेंगाळत असे, पेटीची एक कड आधी सुटत असे आणि ती किंचित गिरकी घेत खाली येत असे. व्हिडिओत पाण्याचा पृष्ठभाग एका बाजूला चढलेला दिसे आणि तो पृष्ठताणाचा परिणाम आहे असे समजून आम्ही त्यावर पानेच्या पाने लिहिली. नंतर आम्ही पेटी नायलॉनच्या एकाच दोऱ्यावर, बरोबर गुरुत्वमध्याच्या वर टांगू लागलो आणि दोरा नायक्रोमच्या तापलेल्या तारेने वितळवू लागलो. गिरकी थांबली, आणि चढलेला पृष्ठभागही दिसेनासा झाला.

दुसरी चूक अधिक बोधप्रद होती आणि ती थेट तुमच्या विषयातली आहे. एका गटाने पाणी आधी जमिनीवर छान उकळवले आणि उकळत्या स्थितीतच पेटी सोडली. मुक्तपतनातही बुडबुडे वर जाताना दिसले. सगळ्यांना वाटले की गुरुत्व पुरेसे कमी झालेले नाही, पण त्वरण मोजणाऱ्या ॲक्सेलरोमीटरचा आलेख अगदी सपाट होता. मग आम्ही पाण्यात बारीक कण टाकून व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवत पाहिला, तेव्हा उलगडा झाला. जमिनीवर असताना गरम पाणी वर जाण्याचा जो प्रवाह सुरू झाला होता, तो गुरुत्व नाहीसे झाल्यावर लगेच थांबत नव्हता. पाण्याच्या श्यानतेने, म्हणजे अंतर्गत घर्षणाने, एक सेंटिमीटर आकाराचा प्रवाह विरायला शंभराहून अधिक सेकंद लागतात, आणि आमच्याकडे एकच सेकंद होता. बुडबुडे त्या जुन्या प्रवाहाबरोबर वाहत होते. त्यानंतर आम्ही पाणी सर्व बाजूंनी सावकाश ९५ अंशांच्या आसपास आणून हलवणे थांबवू लागलो आणि बारीक तारेचा हीटर पेटी सुटल्यानंतरच चालू होईल अशी जोडणी केली. त्या रात्रीचा व्हिडिओ मला आजही स्पष्ट आठवतो. तारेवर मोहरीएवढा बुडबुडा उगवला, वाटाण्याएवढा झाला, शेजारच्या बुडबुड्याला गिळून थरथरला आणि तारेला धरूनच राहिला. पेटी गादीवर आदळल्या क्षणी तो तडक वर गेला.

मात्र तुम्ही सुरुवात उकळत्या पाण्याने करू नका. आधी उष्णता बाजूला ठेवा. इंजेक्शनच्या सुईतून साध्या पाण्यात हवा सोडा आणि मुक्तपतनात तो हवेचा बुडबुडा सुईवरून सुटतो का, एवढेच पाहा. यात भाजण्याचा धोका नाही, पतने दिवसातून वीस होऊ शकतात आणि कॅमेरा, प्रकाश, पेटी यांतले सगळे दोष याच टप्प्यावर उघडे पडतात. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल पुरतो. प्रकाश मागून आणि दुधी कागदातून येऊ द्या, म्हणजे बुडबुड्याची कड स्वच्छ दिसेल. पाच मीटरवरून पडलेली पेटी सुमारे दहा मीटर प्रति सेकंद वेगाने खाली येते. तिला अर्ध्या मीटरच्या फोमवर थांबवली तर सरासरी दहा जी मंदन होते, दहा सेंटिमीटरच्या गादीवर थांबवली तर पन्नास जी. बॅटरीचे स्प्रिंगवाले खण अशा धक्क्याला टिकत नाहीत, म्हणून सगळे जोड डाखाने पक्के करा. आणि पतनाच्या जागेभोवती दोरी बांधून एक जण फक्त माणसे अडवण्यासाठी उभा करा. या बाबतीत मी कधीही सवलत देत नाही.

यापुढची दारे कोणती, ते आता सांगतो. भारतात आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदांचा ड्रॉप टॉवर आहे. तेथील मुख्य काम ज्योतींवर चालते, तरीही तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी तेथील प्राध्यापकांना स्वतःच्या निष्कर्षांसह पत्र लिहिण्यात काहीच गैर नाही. उत्तर काय येईल हे त्यांच्या वेळापत्रकावर आणि तुमच्या प्रयोगाच्या सुरक्षिततेवर अवलंबून राहील.

तुमच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटणारे दार जर्मनीत आहे. ब्रेमेन येथील झार्म संस्थेचा मनोरा १४६ मीटर उंच असून त्याच्या आत ११० मीटरच्या निर्वात नळीत प्रयोग ठेवलेली बंद कुपी सोडली जाते. साध्या पतनात ४.७४ सेकंद मिळतात, आणि कुपी खालून वर फेकून पुन्हा खाली येऊ दिली तर सुमारे ९.३ सेकंद. नळी निर्वात असल्यामुळे उरलेले गुरुत्व दशलक्षांश जीच्या घरात जाते, जे विमानात कधीच मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांचे बाह्य अवकाश व्यवहार कार्यालय झार्मच्या साहाय्याने ड्रॉपटेस नावाची शिष्यवृत्ती चालवते. ती विद्यार्थ्यांच्या लहान गटांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकासाठी आहे आणि अनेक देशांतले विद्यापीठीय गट तिच्यासाठी अर्ज करतात. गटाची रचना, कोणता खर्च मिळतो आणि अर्जाची मुदत या गोष्टी फेरीनुसार बदलतात, म्हणून चालू फेरीची सूचना स्वतः वाचा आणि जुन्या फेरीच्या आधारे नियोजन करू नका. थांबताना कुपीला सुमारे चाळीस-पन्नास जीचा धक्का बसतो. जिन्यातल्या पातळ गादीवर टिकलेला प्रयोग तेथेही टिकण्याची शक्यता अधिक, हेही त्या जिन्याच्या बाजूने एक कारण आहे.

नासाबद्दल स्पष्ट सांगतो. विद्यार्थ्यांना कमी गुरुत्वाच्या विमानातून नेणारा त्यांचा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला आणि त्यातून अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडल्या. पण नासाचे स्वतःचे ते विमान २०१४ मध्ये निवृत्त झाले, आणि आजचे विद्यार्थी उपक्रमही मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांसाठीच आहेत. युरोपीय अवकाश संस्था बोर्दोहून उडणाऱ्या एअरबस ए३१० विमानात विद्यार्थ्यांचे प्रयोग नेते. एका उड्डाणात ३१ पॅराबोला आणि प्रत्येकात सुमारे २२ सेकंद मिळतात. ही सोय तिच्या सदस्य आणि सहयोगी देशांतील विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून आहे. सांगलीच्या गटाने या दोन दारांवर वेळ घालवू नये, असे मला वाटते. तुमच्यापैकी कोणी पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडे गेले तर तेव्हा पात्रतेचे नियम तपासावेत.

इस्रोचे दार खुले आहे, पण ते तुमच्या आजच्या प्रश्नासाठी नाही. पीएसएलव्ही या इस्रोच्या प्रक्षेपकाचा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यानंतर कक्षेतच राहतो, आणि पोएम या नावाने त्याचा प्रयोगांसाठी मंच म्हणून उपयोग होतो. त्यावरील जागेसाठी खासगी कंपन्या आणि शिक्षणसंस्थांना इन-स्पेस या सरकारी संस्थेमार्फत जावे लागते. ३० डिसेंबर २०२४ रोजी उडालेल्या पीएसएलव्ही-सी६० वरील पोएम-४ मध्ये २४ उपकरणे होती. त्यांतल्याच एका लहान बंद पेटीत विक्रम साराभाई अवकाश केंद्राने चवळीच्या बिया पाठवल्या होत्या आणि त्यांना चार दिवसांत अंकुर फुटले. मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा पालक या भाजीच्या पेशींवरचा प्रयोगही त्याच मंचावर होता. हे सगळे प्रयोग दिवसांच्या मापातले आहेत आणि पोएम परत येत नाही, जे कळेल ते संदेशांतूनच कळते. सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ कक्षेतून उतरवून घेणे हे तुमच्या प्रयोगापेक्षा अवघड काम होईल.

वनस्पती किंवा पेशींवर काम करू इच्छिणाऱ्यांनी क्लिनोस्टॅट नावाचे सावकाश फिरणारे यंत्र वापरावे. त्यात गुरुत्व नाहीसे होत नाही, त्याची दिशा सतत बदलत राहिल्यामुळे मुळाला खाली कोणते हे ठरवता येत नाही. उकळण्यासाठी मात्र ते निरुपयोगी आहे.

संधी खरोखर मिळते का, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे, पण ती अशा गटाला मिळते जो टिकतो. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा सुमारे एक किलोग्रॅमचा स्वयम् उपग्रह २२ जून २०१६ रोजी आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ नावाचा उपग्रह त्याच वर्षी २६ सप्टेंबरला कक्षेत गेला. दोन्ही उपग्रहांवर विद्यार्थ्यांच्या एकापाठोपाठ एक तुकड्यांनी काम केले होते, आणि ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यातले अनेक जण उड्डाणाच्या वेळी पदवी घेऊन बाहेर पडलेले होते. तुम्ही चौघेही तिसऱ्या वर्षाला आहात, म्हणजे दीड वर्षाने गटात कोणीच उरणार नाही. याच महिन्यात दुसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी सोबत घ्या. प्रत्येक पतनाला क्रमांक द्या आणि त्यासमोर पाण्याचे तापमान, पेटीचे वजन, कोणी सोडले आणि काय बिघडले हे त्याच दिवशी वहीत लिहा. बिघाडाची नोंद टाळू नका. आमच्या वहीत विद्युतचुंबकाची नोंद नसती, तर पुढच्या तुकडीने तोच चुंबक पुन्हा कपाटातून काढला असता.

अर्जाबद्दल एकच गोष्ट राहिली. ड्रॉप टॉवरसाठीचा आमचा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. त्यात अवकाश संशोधनाचे महत्त्व सांगणारी तीन पाने होती आणि मोजमापाबद्दल अर्धे पान. परीक्षकांनी विचारले होते की चारपैकी एकच पतन यशस्वी झाले तर तुम्ही त्यातून काय सांगू शकाल, आणि आमच्याकडे त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या वेळी आम्ही पहिल्याच पानावर जमिनीवरच्या पतनांतला बुडबुड्याच्या व्यासाचा काळानुसार आलेख दिला, तो एका सेकंदाला कोठे तुटतो ते दाखवले आणि पुढच्या साडेतीन सेकंदांत त्याचे कोणते दोन मार्ग संभवतात ते आखून दाखवले. मनोऱ्यातले एक पतनही त्या दोन मार्गांतला कोणता खरा, हे ठरवायला पुरेसे होते. तुमच्या सुईवरच्या हवेच्या बुडबुड्याचा असा आलेख तयार झाला की तो मार्गदर्शकांना दाखवा, आणि मद्रास व ब्रेमेन या दोन्ही ठिकाणच्या पत्रव्यवहाराला तेव्हाच सुरुवात करा.